तिकडं परदेशी, इकडं अनिवासी

वाचकांचे प्रश्न : पैसापाणी

या वेळी पत्रांचा गठ्ठा जाड आहे. दरवर्षी असंच होतं, सुट्टी टाकून पोरं गावाकडं येतात, आठ दिवस धपाटे-दही आणि लग्नाच्या पंगती, आणि नवव्या दिवशी ओसरीवर बसून कुणीतरी विषय काढतं की तू एवढं कमावतोस तर ते जातं कुठं. मग मला पत्र येतं. मी लातुरात बँकेत तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा परदेशी पैशाच्या टेबलावर, त्यामुळं या प्रश्नांची सवय आहे. पण एक गोष्ट अजून दर वेळी समजावून सांगावी लागते, बाहेर गेलेला माणूस तिकडं तर परदेशी असतोच, इकडच्या कागदावरही तो 'अनिवासी' होतो. पासपोर्ट तोच, गाव तेच, आजी तीच, बँकेच्या वहीतला रकाना तेवढा बदलतो. यंदाचे निम्मे प्रश्न या रकान्याचेच आहेत.

प्रश्न : काका, मी उदगीरकडचा, सहा वर्षं झाली दुबईत एसीच्या कामावर आहे. पगार ४,२०० दिरहम. आमच्या रानाला लागून साडेतीन एकर निघालंय, काळी जमीन, विहिरीला पाणी, मालक म्हणतो पुढच्या महिन्यात व्यवहार करून टाकू. आता भाऊ म्हणतोय तुला घेताच येत नाही. माझा पासपोर्ट भारताचा, वडिलांच्या माघारी सातबाऱ्यावर माझं नाव लागलेलं, मग मला कामून घेता येत नाही? आणि माझं जुनं सेव्हिंग खातं अजून तसंच चालू आहे, त्यातच पैसे टाकतो, त्यात काही अडचण?

उत्तर : भाऊ खरं बोलतोय, त्याच्यावर रागावू नको. इथं दोन कुलपं आहेत आणि तुझ्याकडं एकाचीच किल्ली आहे. पहिलं कुलूप आपल्या राज्याचं, शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी पाहिजे, ते तुझ्या सातबाऱ्यानं उघडतं. दुसरं कुलूप फेमाचं, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याचं. तो तू कुठला नागरिक हे विचारत नाही, तू राहतोस कुठं हे विचारतो. अनिवासी माणसाला भारतात फ्लॅट घेता येतो, दुकान घेता येतं, एनए, म्हणजे बिगरशेती, झालेला प्लॉट घेता येतो, पण शेतजमीन, मळा, फार्महाऊस विकत घेता येत नाही, बक्षीसपत्रानंसुद्धा घेता येत नाही. वारसानं आलेली मात्र तुझीच, ती ठेव, कसायला लाव, पीक घे, कुणी हात लावत नाही. ती विकायची झाली तर भारतात राहणाऱ्यालाच विकता येते एवढं ध्यानात ठेव.

आता तुझ्या डोक्यात पुढचा विचार आलाच असेल, भावाच्या नावावर घेऊ आणि घरात ठरवू की ही माझी. हे करू नको. पैसा तुझा, नाव दुसऱ्याचं, आणि मालक मनातल्या मनात तू, याला बेनामी म्हणतात, १९८८ चा कायदा आहे आणि २०१६ पासून तो चांगलाच कडक झालाय. आणि कायदा राहू दे बाजूला, मी टेबलावर बसून किती भाऊ-भाऊ बघितले, पैसे पाठवताना 'माझा भाऊ' आणि पंधरा वर्षांनी 'तो'. तू आईला मनापासून पैसे दिलेस, आईनं स्वतःच्या नावावर स्वतःसाठी जमीन घेतली तर ते चालतं, आईला दिलेल्या पैशावर टॅक्सही लागत नाही, पण मग ती जमीन आईची झाली, उद्या भावा-बहिणींचा सगळ्यांचा वाटा त्यात आला, हे मान्य असलं तरच त्या वाटेनं जा. नसेल तर कायमचा परत येशील तेव्हा घे, तेव्हा तू पुन्हा निवासी होतोस आणि दोन्ही कुलपं उघडतात. बांधाला लागून जमीन पुन्हा निघत नाही म्हणशील, खरं आहे, मलाही वाईट वाटतं. पण इसार देऊन बसू नको. उदगीरला प्लॉट बघणार असशील तर एनए झालेला बघ, एजंट 'होणारच आहे' म्हणतो तो नको.

खात्याचं म्हणशील तर ते सहा वर्षं चुकीच्या नावानं चाललंय. नोकरीला बाहेर गेलास त्या वेळीच बँकेला सांगायला पाहिजे होतं. आता पासपोर्ट, व्हिसा, एमिरेट्स आयडी घेऊन जा, ते जुनं खातं एनआरओ करून घे आणि शेजारी एक एनआरई उघड. दोन रांजण आहेत असं समज. एनआरई हा तिकडच्या पाण्याचा रांजण, दिरहम आले की यातच पडायचे, याच्या व्याजावर भारतात टॅक्स नाही आणि उद्या परत तिकडं न्यायचे झाले तर मुद्दल-व्याज सगळं नेता येतं. एनआरओ हा इथल्या आडाच्या पाण्याचा, घरभाडं, सोयाबीनची पट्टी, जुनी एफडी असलं सगळं इकडं. याच्या व्याजावर बँक ३० टक्के आणि वर सेस धरून ३१.२ टक्के टीडीएस कापते, तुझं उत्पन्न तेवढं नसेल तर रिटर्न भरून तो मागता येतो. एनआरईतलं पाणी एनआरओत कधीही ओत, पण उलटं ओतायचं तर सीएचं सर्टिफिकेट आणि फॉर्म लागतात आणि वर्षाला दहा लाख डॉलरची मर्यादा आहे, ती तुला मला लागणार नाही म्हणा. म्हणूनच सांगतो, एकदा चुकीच्या रांजणात पडलं की काढताना कटकट.

असाच एक गडी माझ्याकडं आला होता, मस्कतहून, सुट्टीचे तीन दिवस उरलेले, पिशवीत पासबुक, त्याचा एक कोपरा उंदरानं खाल्लेला. नऊ वर्षं सगळा पगार साध्या सेव्हिंगमध्ये टाकलेला. व्याजावर टॅक्स थकलेला, नोटीस आलेली, ती त्याच्या आईनं देवघरात फोटोमागं जपून ठेवली होती कारण पाकिटावर सरकारी शिक्का होता. तेच पैसे एनआरईत असते तर त्या व्याजावर एक रुपया टॅक्स नव्हता.

अजून एक, तू विचारलं नाहीस तरी. तुझ्या करारात बेसिक किती लिहिलंय ते बघ. ग्रॅच्युइटी बेसिकवर मिळते, ४,२०० वर नाही. पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचा बेसिक, पुढं दर वर्षाला ३० दिवसांचा. तुझा बेसिक २,००० असेल तर सहा वर्षांचे १३५ दिवस, म्हणजे साधारण ९,००० दिरहम. पोरं १९,००० धरून बसतात आणि शेवटच्या दिवशी तोंड पडतं. नोकरी सुटल्यापासून १४ दिवसांत हिशोब करून देणं मालकावर बंधनकारक आहे. आणि ते नोकरी गेल्यावरच्या विम्याचे महिन्याला ५ दिरहम चुकवू नको, सलग १२ महिने भरलेले असले आणि कंपनीनं काढलं, म्हणजे तू स्वतः राजीनामा दिलेला नसला आणि तुला शिस्तभंगावरून काढलेलं नसलं, तर बेसिकच्या ६० टक्के तीन महिन्यांपर्यंत मिळतात. चहाच्या दोन कपांचे पैसे आहेत ते.

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यातली. मालक चार वर्षांपासून सौदीत ड्रायव्हर आहेत. पैसे दिराच्या खात्यावर येतात, कधी कधी एक माणूस मोटारसायकलवर येऊन रोख देऊन जातो, पावती नाही का काही नाही. मी हिशोब विचारला की म्हणतात तुला काय कमी केलंय का. खरंच कमी काही नाही, किराणा येतो, पोराची फी जाते. पण माझं नाव कुठंच नाही. हे विचारणं चूक आहे का?

उत्तर : ताई, अजिबात चूक नाही, आणि खरं सांगू का, या गठ्ठ्यातलं सगळ्यात शहाणं पत्र तुमचं आहे.

आधी त्या मोटारसायकलवाल्याचं. त्याला हुंडी म्हणा, हवाला म्हणा, ते बेकायदेशीर आहे. लोक का करतात ते मला कळतं, दर दोन पैशांनी बरा मिळतो, तिकडच्या सुट्टीच्या शुक्रवारीसुद्धा पैसे पोचतात, घरपोच. पण ज्या पैशाला पावती नाही तो पैसा कधी आलाच नव्हता असं समजा. उद्या घर बांधायला कर्ज काढलं आणि बँकेनं विचारलं मालक किती पाठवतात, तर दाखवणार काय? आणि मधल्या मध्ये तो माणूस पळाला तर पोलिसात जाऊन सांगणार काय? बँकेतून किंवा तिकडच्या लायसन असलेल्या एक्स्चेंजमधून आलेला पैसा हा कागद मागं ठेवून येतो, तोच कामाला येतो.

आता नावाचं. मालक सुट्टीला येतील तेव्हा त्यांच्या एनआरई खात्यात तुमचं नाव दुसरं लावून घ्या. रहिवासी जवळच्या नातेवाइकाला असं नाव लावता येतं, बायको त्यात येते, पण ते 'पहिला किंवा हयात राहणारा' या पद्धतीनं असतं, म्हणजे मालक आहेत तोवर नुसत्या दुसऱ्या नावावर तुम्हाला पैसे काढता येत नाहीत, त्यांच्या पश्चात खातं तुम्हाला चालवता येतं. रोजच्या खर्चाला काढायचे असतील तर त्यांनी तुम्हाला मुखत्यारपत्र द्यायला पाहिजे, आणि ते खास त्या खात्यापुरतं द्यावं, सगळ्या जगाचं नको. ते सुट्टीवर असताना इथंच केलं तर सोपं. तिकडून करायचं तर आपल्या वकिलातीत जाऊन सही-शिक्का आणि कागद इथं हातात पडल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्यायचा, हे तीन महिने लोक विसरतात. पण या सगळ्याच्या आधी, उद्या सकाळी, एक करा. तुमच्या एकटीच्या नावावर साधं सेव्हिंग खातं काढा, आणि मालकांना म्हणा दर महिन्याला ठरावीक रक्कम, पाच हजार का असेना, थेट त्यात येऊ द्या. दिराचं खातं दिराला राहू द्या. भांडण नको, नुसता दुसरा पाट काढायचा. नवऱ्यानं बायकोला दिलेल्या पैशावर टॅक्स नाही. तुम्ही त्याची एफडी केली तर व्याज कायद्यानं मालकांच्या उत्पन्नात धरतात, तेवढं सीएला सांगून ठेवा.

मालकांच्या पासपोर्टवर ईसीआर असेल, म्हणजे दहावी झालेली नसेल, तर जाताना त्यांचा प्रवासी भारतीय विमा काढलेला असणार. दोन वर्षांचे २७५ रुपये, तीन वर्षांचे ३७५, आणि कव्हर १० लाखांचं. चार वर्षं झालीत तर तो संपलाय, नवा काढलाय का विचारा आणि नॉमिनी म्हणून कुणाचं नाव आहे तेही विचारा. लग्नाच्या आधी गेलेल्या पोरांच्या विम्यात अजून आईचंच नाव असतं, मुद्दाम नाही, कुणाच्या ध्यानातच येत नाही. पैशाचा पहिला दरवाजा नॉमिनीलाच उघडतो. इकामा (तिकडचा राहण्याचा परवाना), पासपोर्ट, कराराची झेरॉक्स आणि मालकांच्या कंपनीतल्या एका तरी माणसाचा नंबर तुमच्या ट्रंकेत पाहिजे. दिराच्या मोबाइलमध्ये असून उपयोग नाही.

प्रश्न : आमची मुलगी इंजिनिअरिंग करून जर्मनीला मास्टर्सला चाललीय, आम्ही अंबाजोगाईला असतो. कर्ज मंजूर झालंय. आता म्हणतात व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ११,९०४ युरो भरा. एवढा पैसा अडकवून टाकला तर पोरगी खाणार काय?

उत्तर : तेच पैसे खाणार. नावानं घाबरू नका, ब्लॉक म्हणजे गेले नव्हे, वर्षाचं धान्य कणगीत भरून ठेवायचं आणि दर महिन्याला एकच पायली काढायची असा तो प्रकार. ११,९०४ भागिले १२, महिन्याला ९९२ युरो तिच्या खात्यात येतात. सरकारला एवढंच बघायचं असतं की पोरगी तिकडं उपाशी पडणार नाही.

घोळ होतो तो पहिल्या दीड-दोन महिन्यांत. तिकडं उतरलं की घराचा पत्ता नगरपालिकेत नोंदवायचा, मग खातं उघडायचं, मग कुठं ते ९९२ सुटायला लागतात. आणि नोंदणीची तारीख मोठ्या शहरात लवकर मिळत नाही. तोवर घराचं डिपॉझिट, पहिलं भाडं, युनिव्हर्सिटीची सेमिस्टर फी, इन्शुरन्स, गादी-उशी. म्हणून ब्लॉक्ड सोडून वेगळे दोनेक हजार युरो तिच्या हाताशी पाहिजेत, कार्डवर आणि थोडे रोख. कर्ज मंजूर करतानाच बँकेला ही रक्कम धरायला लावा, नंतर मागितली तर मॅनेजर रजेवर असतो.

घरभाडं तिकडं थंड आणि गरम असं दोन प्रकारचं असतं, हसू नका, खरंच. थंड म्हणजे नुसत्या भिंतींचं, गरम म्हणजे हीटिंग-पाण्यासकट. जाहिरातीत मोठ्या अक्षरात थंड भाडं लिहितात. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या थंड भाड्याएवढं घेता येतं, त्याच्यावर कुणी मागत असेल, आणि त्यातही घर न दाखवता मागत असेल, तर तो चोर. पत्ता नोंदवला की थोड्या दिवसांनी एक पत्र येतं, रेडिओ-टीव्हीचे महिन्याला १८.३६ युरो भरा. पोरांना वाटतं आपल्याकडं टीव्हीच नाही, फेकून द्या. फेकायचं नाही. तो कर घरामागं आहे, माणसामागं नाही, चौघी एका घरात राहत असतील तर एकीनं भरायचा आणि चौघींनी वाटून घ्यायचा, बाकीच्यांनी फक्त कळवायचं. दुर्लक्ष केलं की दंड वाढत जातो.

नोकरी करून कर्ज फेडेल हे आत्ताच गणितात धरू नका. विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, तेवढ्यात हातखर्च निघतो, हप्ता निघत नाही. लातूर पॅटर्नच्या पोरींना सगळं एकदम करायची सवय असते, पण तिकडं परीक्षा नापास झाली तर व्हिसाच अडचणीत येतो. मान्यताप्राप्त बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पैसे पाठवलेत तर टीसीएस, म्हणजे बाहेर पैसे पाठवताना बँक आधीच घेते तो टॅक्स, लागत नाही, स्वतःच्या खिशातून वर्षाला १० लाखांच्या वर पाठवलेत तर लागतो, त्यामुळं कर्जाचेच पैसे थेट पाठवा, 'आधी माझ्या खात्यात घेतो मग पाठवतो' करू नका.

आणि हो, तिचं कॉलेजातलं खातंही एनआरओ करावं लागेल. शिकायला गेलेली मुलं पण अनिवासीच, हे रिझर्व्ह बँकेनं २००३ सालीच सांगितलंय, तरी बऱ्याच काउंटरवर तुम्हाला सांगतील की शिकायला गेलीय, राहू द्या तसंच. राहू देऊ नका.

प्रश्न : मुलगा कतारला. त्यानं पाठवलेले ८ लाख मी आमच्या बीडच्या एका मल्टिस्टेटमध्ये १२ टक्क्यांनी ठेवले, माझ्या नावावर. तीन महिने व्याज आलं, आता ऑफिसला कुलूप आहे. मुलाला अजून सांगितलं नाही. सरकार ५ लाखांपर्यंत देतं असं ऐकलंय, ते कुठं मागायचं?

उत्तर : साहेब, तुम्हाला बरं वाटेल असं उत्तर माझ्याकडं नाही. ते ५ लाखांचं ठेव संरक्षण बँकेला आहे, त्यात सहकारी बँकसुद्धा येते, पण पतसंस्था आणि मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटी येत नाही. पाटीवर काय लिहिलंय, आत एसी आहे का, चेअरमन कुणाच्या स्टेजवर बसतो, याचा त्याच्याशी काही संबंध नाही. विचारायचा प्रश्न एकच, रिझर्व्ह बँकेचं बँकिंग लायसन आहे का.

मूळ पावती कुणालाही देऊ नका, 'नवीन करून देतो' म्हटलं तरी नाही, झेरॉक्स द्या. पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत लेखी तक्रार द्या आणि तीत एमपीआयडी, म्हणजे ठेवीदारांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा, त्याचं नाव लिहा, त्यात संस्थेची आणि संचालकांची मालमत्ता जप्त करून ठेवीदारांना वाटता येते. मल्टिस्टेट असली तर केंद्रीय निबंधकाकडंही अर्ज जातो. वेळ लागतो, वर्षं लागतात. एजंट येईल, म्हणेल वीस टक्के द्या, तुमचे आधी काढून देतो, त्याला चहासुद्धा पाजू नका.

एक कबुली देतो. माझेही दीड लाख असेच अडकलेत. तीस वर्षं बँकेत बसलेल्या माणसाचे. रिटायर झाल्यावर गल्लीतलाच एकजण आला, 'साहेब, तुम्ही ठेवले की लोक ठेवतील', मला तेवढा मान पुरला. बायको म्हणाली होती अर्धा टक्का कमी मिळू द्या पण जुन्या बँकेत ठेवा. ती पावती अजून कपाटात आहे, लॅमिनेशन केलेली, संस्थेनंच करून दिलं होतं. तेव्हा मुलाला सांगा. आजच सांगा. मी घरात चार महिने लपवलं, ते चार महिने पैसे बुडाल्यापेक्षा वाईट होते.

प्रश्न : मी नांदेडची, अमेरिकेत एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, सॉफ्टवेअरमध्ये. भारतात म्युच्युअल फंडाच्या माझ्या पाच एसआयपी चालू आहेत आणि आईच्या खात्यात माझं दुसरं नाव आहे, पैसे सगळे तिच्या पेन्शनचे. मैत्रीण म्हणते हे सगळं तिकडं सांगावं लागतं. खरं का?

उत्तर : खरं. तिकडच्या टॅक्सच्या हिशोबानं तू रहिवासी झालीस की सगळ्या जगातलं उत्पन्न तिथं दाखवायचं. अमेरिकेबाहेरच्या तुझ्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार, म्हणजे बाहेरच्या खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरावा लागतो, आणि त्यात आईचं खातं धरायचं, पैसा तिचा असला तरी सही तुझी चालते ना. भरायला फी नाही, तारीख १५ एप्रिल, राहिलं तर आपोआप १५ ऑक्टोबर. न भरण्याचा दंड मात्र डोळे पांढरे करणारा आहे. आईच्या खात्यातून नाव काढून नॉमिनी म्हणून लावलं तरी आईची सोय होते, बघ विचार करून.

एसआयपीचं दुखणं मोठं आहे. भारतातले म्युच्युअल फंड अमेरिकेच्या नजरेत पीएफआयसी नावाच्या वाईट वर्गात बसतात, फंडागणिक वेगळा फॉर्म आणि टॅक्स जबर. नवीन हप्ते थांबव, पण जे आहेत ते घाईनं विकू नको, दोन्हीकडचं कळणाऱ्या सीपीएला, म्हणजे तिकडच्या सीएला, आधी दाखव. त्यापेक्षा कंपनी ४०१के मध्ये, म्हणजे तिकडच्या निवृत्तीच्या खात्यात, तुझ्यासाठी जेवढं स्वतःचं टाकते तेवढं पूर्ण घे, ते सोडणं म्हणजे पगार सोडणं. भारत आणि अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे तिकडच्या सरकारी पेन्शनचा, करार नाही, त्यामुळं पगारातून ती कापली जाते आणि साधारण दहा वर्षांचं काम भरल्याशिवाय पेन्शनचा हक्क लागत नाही, परत यायचा बेत करताना ही वर्षं मोजून ठेव.

थोडक्यात तिघांना. जालन्याच्या वाचकांना : अनिवासी झाल्यावर जुनं पीपीएफ मुदतीपर्यंत चालवता येतं, नवीन उघडता येत नाही आणि मुदत संपल्यावर पुढं वाढवता येत नाही, मुलीच्या सुकन्या खात्याचा तर विचारच सोडा. धाराशिवच्या वाचकांना : हो, यूएईचा मोबाइल नंबर असला तरी एनआरई-एनआरओला यूपीआय जोडता येतं, बँकेला विचारा. दिरहमचा रेट चढेपर्यंत थांबू का असं विचारणाऱ्या पाथरीच्या पोराला : बाळा, दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ वर बांधलेला आहे आणि सौदी रियाल ३.७५ वर, ते हलत नाहीत, हलतो तो आपला रुपया, आणि त्याचं भाकीत करता आलं असतं तर मी हे सदर लिहीत बसलो नसतो. हप्ता असेल तर दर महिन्याला पाठव.

प्रश्न : वसमतहून लिहितोय, मी ओमानला असतो. सुट्टीला आलो की मामा, साडू, शाळेतले मित्र, सगळे उसने मागतात. कुणाच्या हळदीचं बेणं, कुणाच्या पोरीचं लग्न. नाही म्हणता येत नाही आणि परत कुणी देत नाही. मागच्या सुट्टीत पावणेतीन लाख गेले. काय करू?

उत्तर : येण्याआधी एक आकडा ठरव, समज चाळीस हजार, तो एनआरओत ठेव आणि द्यायचे ते तिथूनच दे, परत येणार नाहीत असं धरूनच. ते संपले की संपले. बाकीचे विमानात बसायच्या आधी एनआरईच्या एफडीत टाक. ती एक वर्षाच्या आत मोडली तर व्याजाचा एक रुपयाही मिळत नाही, हा नियमच आहे. त्यामुळं मामा आले की तुला खोटं बोलावं लागणार नाही, पावतीच पुढं ठेवायची आणि म्हणायचं, मामा, अडकलेत बघा. मामा म्हणतील मोड की मग. तेव्हा चहा मागव आणि यंदा हळदीला भाव काय लागला ते विचार.